फ्लाइट डिले, मूड ओके!

*तीन दिवसांची सुट्टी, रामोजी फिल्म सिटीचं बुकिंग आणि बोर्डावर झळकणारा 'डिलेड' हा एकच शब्द! अशा वेळी भांडायचं कुणाशी? विमान कंपनीशी, एकमेकांशी, की कुणाशीच नाही? न्हावरे ते हैदराबाद, एका लांबलेल्या दिवसाचा हा रिपोर्ट.*

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. शिरूर तालुक्यातलं न्हावरे, घोडगंगा साखर कारखान्याचं गाव. इथून दक्षिणेला निघालात, पारगावजवळ भीमा ओलांडलीत, केडगाव मागे टाकलंत, की तीसेक किलोमीटरवर चौफुला येतो. तिथे पुणे-सोलापूर हायवे लागतो. हाच राष्ट्रीय महामार्ग ६५. सोलापूर, हैदराबाद, विजयवाडा करत तो थेट मच्छलीपट्टणमच्या समुद्राला जाऊन भिडतो. आणि गंमत म्हणजे, हैदराबाद ओलांडल्यावर तीसेक किलोमीटरवर याच रस्त्याला लागून रामोजी फिल्म सिटी आहे! म्हणजे चौफुल्याला डावीकडे वळायचं आणि नाकासमोर जायचं.

पण आपण पडलो वीकेंडवाली पिढी. आपण काय करतो? रामोजीच्या बरोब्बर उलट्या दिशेला साठ-पासष्ट किलोमीटर गाडी हाणून लोहगाव विमानतळ गाठतो. कारण गणित सोपं आहे. रस्त्याने नऊ-दहा तास, विमानाने सव्वा तास. फक्त या गणितात वाट बघण्याचे तास कुणी धरत नाही.

'अहो' ते 'अरे', व्हाया शिक्रापूर

डिसेंबरातला शनिवार. नवरोबा रांजणगाव एमआयडीसीत शिफ्टला, मी फ्रीलान्सर. म्हणजे एकाची सुट्टी कॅलेंडर ठरवतं आणि दुसरीची डेडलाइन. दिवाळीपासून प्रयत्न करून दोघांचे सलग तीन दिवस जुळले होते. शनिवारी प्रवास, रविवारी अख्खा दिवस रामोजी, सोमवारी गोवळकोंडा-चारमिनार करून परत. विमान दुपारी १.४० चं. पुढची अशी सुट्टी कधी, याचं उत्तर दोघांकडेही नव्हतं.

सकाळी नऊला सासरहून निघालो. आईंनी बाजरीच्या भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा फडक्यात बांधून दिला.

"आई, एअरपोर्टवर सगळं मिळतं हो."

"मिळत आसंल. पर केवढ्याला?"

अण्णा, म्हणजे माझे सासरे, उमेदीच्या काळात ट्रकवर होते. सोलापूर रोड त्यांना तळहातासारखा पाठ. त्यांनी शेवटचा प्रयत्न केला. "चौफुल्यावरनं गेला असता तर दिवस मावळता हैदराबाद. इमानाचं काय खरं नसतंय."

आम्ही हसलो आणि निघालो. तळेगाव ढमढेरेपर्यंत उसाच्या ट्रॉल्या, शिक्रापूरला नगर रोड, मग कोरेगाव भीमा, लोणीकंद आणि... वाघोली! वाघोलीच्या ट्रॅफिकबद्दल नवीन काय लिहायचं? एवढंच सांगते की न्हावऱ्यात जो 'अहो' असतो तो शिक्रापूर ओलांडलं की 'अरे' होतो आणि वाघोलीत आमचा संवाद 'तुला म्हटलं होतं ना'वर येतो. तरीही साडेअकराला आम्ही जुलै २०२४ मध्ये सुरू झालेल्या चकाचक नव्या टर्मिनलमध्ये हजर होतो. बॅगा गेल्या, सिक्युरिटी झाली. एकदम सही!

बोर्डाचा खेळ

साडेबाराला १.४० चे ३.१० झाले. चालायचंच, म्हटलं. दीडला अण्णांचा फोन.

"उडलं का?"

"नाही अण्णा, जरा लेट आहे."

"बरं. रोडनं आता सोलापूर आलं असतं."

पावणेतीनला ३.१० चे ४.३० झाले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "ऑपरेशनल रीझन्स." तीनला पुन्हा फोन. "आता उमरगा." सव्वाचारला ४.३० चे ६.१५ झाले आणि अण्णांची न निघालेली गाडी जहिराबादला चहाला थांबली.

इथवर आम्ही दोघं एकमेकांवर घसरलो होतो. विमानाने जायची आयडिया कुणाची? दुपारची स्वस्त फ्लाइट कुणी निवडली? ही भांडणं मोठी मजेशीर असतात. ज्या दोघांचा त्या विमानाशी काडीचाही संबंध नाही, तेच दोघं आरोपीही असतात आणि वकीलही. आजूबाजूला बघितलं तर प्रत्येक जोडप्याचं तेच. एक जण मोबाइलमध्ये, दुसरा बोर्डाकडे, मध्ये बॅग.

पण लेट होतं कशामुळे?

'ऑपरेशनल रीझन्स' या गोळीमागचं औषध समजून घेतलं की अर्धा राग जातो. देशांतर्गत मार्गावरचं विमान दिवसभर एसटीसारखं फेऱ्या मारत असतं. एका शहरात उतरायचं, अर्ध्या-पाऊण तासात माणसं बदलायची आणि पुढे निघायचं. पहाटे दिल्लीत धुकं पडलं आणि पहिली फेरी दोन तास रखडली, की तो उशीर दुपारी पुण्यात येतो. वाटेत तो वाढतोही, कारण ठरलेली वेळ हुकली की उतरायला-उडायला पुन्हा नंबर लावावा लागतो.

पुण्यात त्यात भर. लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ. सुखोई जिथून उडतात, त्याच धावपट्टीवरून आपलं विमानही उडतं, त्यामुळे प्रवासी विमानांच्या वाट्याला येणाऱ्या वेळा मोजक्याच. पुन्हा वैमानिकांच्या ड्यूटीच्या तासांनाही कायद्याने मर्यादा आहे. उशीर होत होत ते तास संपले की विमान उभं असतं, प्रवासी उभे असतात आणि उडवायला माणूस नसतो! ही मर्यादा असायलाच हवी; थकलेला ड्रायव्हर आपल्याला शिवशाहीतही नको असतो. पण कंपनीने त्याप्रमाणे पुरेसे वैमानिक ठेवले नाहीत तर काय होतं, ते देशाने डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात पाहिलं. विश्रांतीचे नवे नियम लागू झाले आणि काही दिवसांत हजारो उड्डाणं रद्द झाली.

रांगेचं सायकॉलॉजी

डेव्हिड मेस्टर नावाच्या अभ्यासकाने १९८५ मध्ये रांगेत उभं राहण्याच्या मानसशास्त्रावर एक लेख लिहिला. मॅनेजमेंटच्या वर्गात तो अजून वाचला जातो. त्यातले मुद्दे साधे आहेत. किती वेळ थांबायचंय हे माहीत नसलं की थांबणं लांबतं. कारण कळलं नाही की आणखी लांबतं. हाताला काम असलं की आखडतं. आणि एकट्याने थांबण्यापेक्षा सोबतीने थांबणं छोटं वाटतं.

थीम पार्कवाल्यांना हे पक्कं ठाऊक आहे. मोठ्या राइडच्या रांगेपाशी '४५ मिनिटं' अशी पाटी असते आणि माणसं आइस्क्रीम खात आनंदाने उभी राहतात. विमानतळावर एसी आहे, खुर्ची आहे, वाय-फाय आहे. नाही ती फक्त खरं सांगणारी पाटी. दीड-दीड तासाच्या हप्त्यात मिळालेला उशीर एकदम सांगितलेल्या पाच तासांपेक्षा जास्त छळतो. पाच तास आधीच कळले असते, तर बाहेर पडून विमाननगरला एखादा सिनेमा टाकला असता!

ती पाटी आम्ही स्वतः बनवायची ठरवली. नवऱ्याने फ्लाइटरडार२४ या ॲपवर आमच्या फ्लाइटचा नंबर टाकला. आमच्यासाठी येणारं विमान अजून दुसऱ्याच शहरात जमिनीवर उभं होतं. म्हणजे ६.१५ ला उडण्याचा प्रश्नच नव्हता. उडालंच तर पावणेसातला. बोर्डाच्या आधी आम्हाला कळलं आणि कमाल म्हणजे, कळल्यावर दोघंही शांत झालो. फडकं सोडलं. शेजारच्या खुर्चीवरच्या जोडप्याला अर्धी भाकरी दिली, त्यांनी ढोकळा दिला. दिवाळीपासून शिफ्ट आणि डेडलाइनच्या मधल्या फटीत बोललेलं सगळं पुन्हा नीट बोललो. घर बदलायचं का, हा तीन महिने टाळलेला विषय गेट नंबर बदलेपर्यंत निम्मा सुटला.

पाच तास म्हणजे सँडविच

आता हक्काचं बोलू. मागितल्याशिवाय कुणी काही देत नाही, हे लक्षात ठेवा. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा नियम असा: अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा त्याहून जास्त उशीर होणार असेल, तर प्रवाशाला खाणं-पिणं मिळायला हवं. देशांतर्गत उड्डाणाला सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल, तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा, निवड तुमची.

आमचा उशीर पाच तासांचा. म्हणजे नियमाच्या भाषेत आम्ही सँडविचचे धनी, परताव्याचे नाही. मी काउंटरवर जाऊन शांतपणे दोन तासांचा नियम सांगितला. दहा मिनिटांत सँडविच आणि ज्यूसचे खोके आले. तोवर कुणीच मागितलं नव्हतं. मग मागे चाळीस जणांची लाइन लागली. एक आजोबा म्हणाले, "आम्हाला वाटलं, पैसे पडतील." प्रश्न सँडविचचा नसतो. औषधाच्या गोळ्या जेवणावर घेणारी माणसं त्या रांगेत होती.

६.४० ला विमान उडालं, आठच्या आत शमशाबादला टेकलं. अण्णांची गाडी एक तास आधीच पोचली होती. हे त्यांनी फोनवर सांगितलं नाही. फक्त म्हणाले, "जेवा आता. बिर्याणी खावा."

रामोजी, फायनली!

रविवारी सकाळी नऊला आम्ही दारात. 'ईनाडू' दैनिकाचे संस्थापक रामोजी राव यांनी १९९६ मध्ये हे गाव वसवलं. जगातला सर्वांत मोठा फिल्म स्टुडिओ म्हणून त्याची गिनीज बुकात नोंद आहे. राव ८ जून २०२४ रोजी गेले, पण लाल बसमधून फिरताना त्यांचा फंडा जागोजागी दिसतो: निर्मात्याने हातात स्क्रिप्ट घेऊन यावं आणि डबा घेऊन जावं. 'बाहुबली'चा सेट बघताना नवरोबाने छाती फुगवून फोटो काढून घेतले. एकेका इमारतीला चार बाजूंनी चार चेहरे; पुढून बंगला, मागून हॉस्पिटल.

आणि तिथे एक एअरपोर्टही आहे. सिनेमासाठी बांधलेलं. काउंटर, पाट्या, खुर्च्या, सगळं. तिथून एकही विमान कधी उडालं नाही, त्यामुळे एकही लेट झालं नाही! आम्ही तिथे पोट धरून हसलो. आदल्या दिवशीचं विमान वेळेत आलं असतं तर हा जोक आम्हाला कळलाच नसता.

सोमवारी परतीचं विमान वेळेवर सुटलं. त्याबद्दल सांगण्यासारखं काहीच नाही.

डिले होणारच, धरून चला!

• पोचण्याच्या दिवशी पार्कचं तिकीट काढूच नका. मध्ये एक रात्र ठेवा. तिकिटाची तारीख बदलता येते का, ते पैसे भरण्याआधी वाचा.

• जमलं तर सकाळची पहिली फ्लाइट घ्या. विमान बहुतेकदा रात्रीपासून तिथेच उभं असतं, दिवसभराचा उशीर त्याच्या अंगावर चढलेला नसतो.

• बोर्डापेक्षा आपल्यासाठी येणारं विमान कुठे आहे ते बघा. ते आलं नसेल तर आपलं उडणार नाही.

• रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यान सुटणाऱ्या विमानाला सहा तासांहून जास्त उशीर झाला, किंवा कुठलंही विमान चोवीस तासांहून जास्त रखडलं, तर हॉटेलची सोय मागा. मात्र धुक्यासारखं कंपनीच्या हाताबाहेरचं कारण असेल तर नुकसानभरपाई मिळत नाही.

• काउंटरवर दाद लागली नाही तर सरकारच्या 'एअरसेवा' पोर्टलवर तक्रार करा. बोर्डिंग पास आणि आलेले मेसेज जपून ठेवा.

• हैदराबादला पुणे-सिकंदराबाद शताब्दी साधारण साडेआठ तासांत पोचवते. खिडकीतून भीमाही दिसते.

• दोघांनी आळीपाळीने बोर्ड बघा, अर्ध्या तासात एकदाच. आणि 'तुला म्हटलं होतं ना' हे वाक्य चेक-इन बॅगेतच जाऊ द्या!