ताळेबंद जुळला, पण ठेव सुरक्षित आहे का?

सहकारी बँकेचा ताळेबंद दोन्ही बाजूंनी जुळला म्हणजे बँक सुस्थितीत आहे, असा अनेक ठेवीदारांचा समज असतो. बुलडाणा जिल्ह्याचा अनुभव मात्र वेगळे सांगतो. किमान ४ टक्के भांडवल पर्याप्ततेची अट पूर्ण न झाल्याने २०१२ मध्ये बुलडाणा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेवर नव्या ठेवी स्वीकारण्यास रिझर्व्ह बँकेने बंदी घातली. नागपूर व वर्धा जिल्हा बँकांचीही हीच गत झाली. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्राने देशातील २३ विनापरवाना जिल्हा बँकांसाठी पुनरुज्जीवन योजना मंजूर केली, तीत या तिन्ही बँका होत्या. जुलै २०२३ मध्ये मलकापूर अर्बन बँकेचा तर परवानाच रद्द झाला.

ताळेबंदात कर्ज ही बँकेची मालमत्ता असते. ते वसूल होणार का, हा लेखापरीक्षकाचा खरा प्रश्न. सर्वसाधारणपणे ९० दिवसांहून अधिक थकलेले कर्ज अनुत्पादक ठरते. पीककर्जाला हंगामाचे निकष लागतात. अशा कर्जासाठी नफ्यातून तरतूद करावी लागते. नफा अपुरा पडला की झळ भांडवलाला बसते. थकबाकी नियमित दाखविली, तर नफा आणि भांडवल दोन्ही फुगलेले दिसतात. म्हणूनच लेखापरीक्षक रोकड मोजतो, तारण तपासतो, कर्जप्रकरणे नमुन्यादाखल उघडून पाहतो. प्रत्येक नोंद तपासणे अशक्य असल्याने त्याचा अभिप्राय ही वाजवी खात्री असते, हमी नव्हे.

सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८१ नुसार होते. दोषांची दुरुस्ती कलम ८२ खाली करावी लागते. जबाबदारी निश्चित झाल्यास कलम ८८ नुसार नुकसानीची वसुली होऊ शकते.

बँकेतील ठेवींना फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण आहे. पतसंस्थांतील ठेवींना ते लागू नाही. त्यामुळे तेथे लेखापरीक्षण अहवालाचे मोल अधिकच वाढते. अहवालाचा वर्ग 'अ' आहे की 'ड', एवढ्यावर न थांबता थकबाकी, तरतूद आणि दोषदुरुस्ती यांविषयी वार्षिक सभेत विचारणा करणे, हे सभासदाच्याच हिताचे आहे.