सहा लाखांचा ताळा

बायबलच्या जुन्या करारातील चौथ्या पुस्तकाचे मराठी नाव ‘गणना’. नाव रूक्ष आणि सुरुवातही तशीच. मिसर देशातून सुटलेले इस्राएल लोक सीनायच्या रानात तळ देऊन आहेत आणि मोशे त्यांची शिरगणती करतो आहे. वीस वर्षांवरचे, लढाईला लायक असे पुरुष तेवढे मोजायचे, बायका-मुले नाहीत. उपासनेच्या सेवेला वाहिलेला लेवी वंशही वेगळा ठेवायचा. यहूदाचे ७४,६००, दानचे ६२,७००, मनश्शेचे ३२,२०० अशा बारा वंशांच्या बारा रकमा येतात आणि खाली एकूण : ६,०३,५५०. भाविक वाचक ही पाने बहुधा उलटून पुढे जातो. माझी उभी हयात बँकेत गेली, म्हणून मी पेन्सिल घेऊन बेरीज मारली. ती बिनचूक आहे.

एवढेच नव्हे, तिला दुसऱ्या खात्याचा आधारही आहे. ‘निर्गम’ या पुस्तकात मोजलेल्या प्रत्येक पुरुषाकडून अर्धा शेकेल चांदी घेतल्याची नोंद आहे. जमा चांदी १०० किक्कार आणि वर १,७७५ शेकेल. एक किक्कार म्हणजे ३,००० शेकेल. एकूण झाले ३,०१,७७५ शेकेल. दुप्पट करा, बरोबर ६,०३,५५० डोकी. एका पैचाही फरक नाही!

नवख्या कारकुनाला वाटते, ताळा जमला म्हणजे हिशेब खरा. ज्याने चार शाखांचे ऑडिट केले आहे त्याला तसे वाटत नाही. दोन वह्या इतक्या चोख जुळल्या की तो पहिला प्रश्न विचारतो : दुसरी वही पहिलीवरून तर लिहिलेली नाही ना? डोक्यांवरून चांदी काढली की चांदीवरून डोकी निघणारच.

सहा लाख लढवय्ये म्हटले तर बायका-मुले, म्हातारेकोतारे धरून वीस लाखांच्या आत ही प्रजा बसत नाही. आता याच पुस्तकातली दुसरी रक्कम पाहा. सर्व वंशांतले पहिलटकरणींचे मुलगे, म्हणजे आईचे पहिले पुत्र, मोजले ते २२,२७३ भरले. सहा लाखांना या संख्येने भागा. प्रत्येक आईला सरासरी सत्तावीस मुलगे पडतात, तेही केवळ वीस वर्षांवरचे. पोरे आणि मुली वेगळ्याच. आणि ‘निर्गम’च्या पहिल्याच अध्यायात मिसरच्या राजाने इब्री सुइणींना बोलावले, तर नावे आहेत दोघींची, शिफ्रा आणि पुवा. वीस लाखांच्या वस्तीत दोन सुइणी! लेवींच्या गणनेत तर बेरीजच चुकते. तीन कुळांचे ७,५००, ८,६०० आणि ६,२०० मिळून २२,३०० होतात. एकूण म्हणून लिहिले आहेत २२,०००. नक्कल करताना मधल्या रकमेतले एक अक्षर इकडचे तिकडे झाले असावे, असा जाणकारांचा तर्क आहे.

मग चक्रवाढ व्याज. याकोबाच्या घरची सत्तर माणसे मिसरात गेली आणि ४३० वर्षांनी बाहेर पडली. सत्तरांचे वीस लाख व्हायला दर साल शेकडा २.४ असा दर लागतो. स्वतंत्र भारतात लोकसंख्यावाढीचा सर्वांत मोठा वेग १९६१ ते ७१ या दशकात होता. तो सालाला सव्वादोन टक्क्यांच्या आसपास, आणि तो देवीची लस, डीडीटी, पेनिसिलीन आल्यानंतरचा. गुलामीत राबणाऱ्या लोकांनी याहून मोठा वेग चार शतके अखंड राखला, असे मानावे लागेल.

ही शंका आजची नाही. ट्युनिसमध्ये जन्मलेल्या इब्न खल्दूनने १३७७ साली लिहिलेल्या ‘मुकद्दिमा’त इतिहासकार आकडे कसे फुगवतात याचे उदाहरण म्हणून मोशेचे हेच सहा लाखांचे सैन्य घेतले. एवढी फौज उभी राहील कुठे, आणि एका टोकाला काय चालले आहे हे दुसऱ्या टोकाला कळेल कसे, असे त्याने विचारले. बिचाऱ्या कोलेन्सोला मात्र हीच शंका महागात पडली. जॉन विल्यम कोलेन्सो हा दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळचा बिशप. त्याआधी शाळांसाठी अंकगणिताची पुस्तके लिहिणारा. बायबल झुलू भाषेत उतरवताना त्याच्या झुलू सहकाऱ्याने जलप्रलयाच्या कथेवर साधा प्रश्न विचारला की, हे सारे खरेच घडले का? कोलेन्सोला खोटे बोलवेना. त्याने हिशेब मांडला आणि १८६२ साली छापला. दुसऱ्या वर्षी केपटाउनच्या बिशपाने त्याला पदच्युत केले. १८६५ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल रद्द ठरवला. पण अंकगणितापायी धर्मपीठावरून खाली खेचला गेलेला माणूस म्हणून त्याचे नाव राहिले.

आकडा वाचवण्याचा सर्वांत सुबक प्रयत्न केला तो उत्खननशास्त्रज्ञ फ्लिंडर्स पेट्रीने, १९०६ साली. इब्री भाषेत हजाराला ‘एलेफ’ म्हणतात. त्याच शब्दाचा अर्थ कुळ किंवा घराणे असाही होतो. मग ४६,५०० म्हणजे ‘४६ घराणी, ५०० माणसे’ असे का वाचू नये? बाराही रकमांतले हजार वेगळे काढले तर ५९८ घराणी होतात, आणि शेकडे मिळवले तर ५,५५० माणसे. पुढे कोणा लेखनिकाने यातली पाच हजार घराण्यांच्या रकान्यात ओढली आणि ६०३ ‘हजार’ झाले. युक्ती मोठी देखणी आहे. पण चांदीच्या खात्यापुढे ती टिकत नाही. तिथे हजार म्हणजे हजारच.

जमीन काय सांगते? पेट्रीलाच १८९६ साली थीब्ज येथे मर्नेप्ताह या मिसरी राजाचा शिलालेख सापडला होता. इ.स.पू. १२०८ च्या सुमाराच्या या लेखात ‘इस्राएल’ हे नाव येते, आणि तेही देशाचे नव्हे, लोकांचे चिन्ह लावून. म्हणजे लोक होते. किती? इस्राएल फिंकेलस्टाइन आदी पुरातत्त्वज्ञांनी तिथल्या डोंगराळ मुलखात गावोगाव फिरून जुन्या वस्त्यांचे क्षेत्रफळ मोजले आणि हेक्टरी दोनशे-अडीचशे माणसे या मापाने गुणले. इ.स.पू. १००० च्या सुमारास अडीचशेच्या आसपास वस्त्या आणि फार तर ४५,००० माणसे, असे उत्तर आले. हेही अनुमानच, हेक्टरी माणसे बदलली की उत्तर बदलते. पण कितीही ताणले तरी ते वीस लाखांपर्यंत जात नाही. ‘अनुवाद’ या पुस्तकात तर मोशे स्वतःच या लोकांना सांगतो की तुम्ही सर्व राष्ट्रांत संख्येने थोडे होता.

मग सहा लाख लिहिले कोणी आणि का? शिरगणतीची ही पाने बाबेलच्या बंदिवासात किंवा त्यानंतर लिहिली गेली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. यरुशलेम इ.स.पू. ५८६ च्या सुमारास पडले, मंदिर जळाले. किती माणसे धरून नेली त्याची नोंद ‘यिर्मया’च्या शेवटच्या अध्यायात आहे : एकदा ३,०२३, मग ८३२, मग ७४५, एकूण ४,६००. या आकड्यांना गोल करण्याची कोणाला गरज वाटलेली नाही. कोणीतरी वेशीवर उभे राहून मोजलेली ही माणसे वाटतात. ज्यांची पाच हजारही भरत नव्हती, त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी आपले पूर्वज सहा लाख होते असे लिहून ठेवले. याला लबाडी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आपल्या कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे शनिवार तेली, अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश सांगतात. त्या सातांचे व्हाऊचर कोणी मागत नाही.

माझा विश्वास मात्र न जुळणाऱ्या वहीवर अधिक आहे. बंदिवासातून परतलेल्यांची यादी ‘एज्रा’ आणि ‘नहेम्या’ या दोन्ही पुस्तकांत आहे. दोन्हीकडे एकूण ४२,३६०. पण घराण्यांच्या रकमा मिळवल्या तर एज्रात २९,८१८ भरतात आणि नहेम्यात ३१,०८९. दोन नकला, दोन बेरजा, आणि दोन्ही एकूण रकमेला कमी. कोणी हिशेब बसवून घेतला नाही. हाती आल्या तशा याद्या उतरवल्या. परतलेल्यांपुढचा प्रश्नही त्याच नहेम्यात नोंदलेला आहे. तटबंदी पुन्हा उभी राहिली, पण शहर ऐसपैस आणि आत माणसे थोडी. तेव्हा लोकांनी चिठ्ठ्या टाकल्या आणि दर दहांतल्या एकाला गाव सोडून यरुशलेमात राहायला आणले.