हुगळीचा गाळ आणि समुद्राच्या पोटातला कार्बन

कोलकात्याच्या बाबूघाटावर हुगळीचं पाणी भांड्यात भरून थोडा वेळ स्थिर ठेवलं, की तळाशी राखाडी थर बसतो. बोटांत चोळला तर मैद्यासारखा मऊ लागतो. त्यात हिमालयाच्या खडकांचा भुगा असतो, चिकणमाती असते आणि तिला चिकटलेले कुजक्या पानांचे, मुळांचे, गवताचे कण असतात. त्या पानांनी कधीकाळी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषलेला असतो. बंदराला या गाळाचा जाच फार. ड्रेजर लावून तो सतत उपसावा लागतो. १९७५ साली फराक्का बंधारा सुरू झाला तोही मुख्यतः गंगेचं पाणी हुगळीत वळवून गाळ वाहून जावा म्हणून. कार्बनच्या हिशेबात मात्र या गाळाचं मोल मोठं आहे.

माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा साधारण चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. पाण्यात विरघळल्यावर त्याचं बहुतांशी बायकार्बोनेट होतं. वायूच्या रूपात जेमतेम एक टक्का उरतो. म्हणूनच समुद्र हवेच्या सुमारे ५० पट कार्बन सामावून आहे. पण शोषलेलं सगळं कायमचं आत राहत नाही. नैऋत्य मान्सूनचे वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगतचं पाणी दूर लोटतात, खालचं थंड पाणी वर येतं आणि अरबी समुद्र तिथे पोटातला कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो.

हुगळीचं मुखही हा वायू सोडतंच. शहराचं सांडपाणी आणि नदीतला कुजका पाला जिवाणू खातात, वायू तयार होतो. गढूळ पाण्यात ऊन शिरत नाही, त्यामुळे तो वापरायला शेवाळही पुरेसं वाढत नाही.

पुढे बंगालच्या उपसागरात चित्र पालटतं. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती यांचं गोडं पाणी हलकं, ते वरच पसरून राहतं. खालची पोषकद्रव्यं वर येऊ शकत नाहीत आणि प्लवक बेताचंच वाढतं. तरीही खोल तळाकडे बराच कार्बन जातो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मन संशोधकांसह १९८०च्या दशकाच्या अखेरीस इथे खोल पाण्यात सापळे लावून वरून पडणारे कण गोळा केले, तेव्हा कारण उमगलं. नद्यांची माती मेलेल्या प्लवकाला चिकटते, वजन वाढतं आणि जिवाणूंनी फस्त करण्याआधीच तो ऐवज भराभर खाली जातो.

त्याहून मोठं काम खुद्द नद्यांचा गाळ करतो. गंगा-ब्रह्मपुत्रा वर्षाला अंदाजे १०० कोटी टन गाळ आणतात. त्यातला काही त्रिभुज प्रदेशात आणि सुंदरबनात थांबतो, बाकीचा समुद्रतळावरच्या घळीतून उतरत दक्षिणेकडे सरकतो. सुमारे ३००० किलोमीटर लांबीचा, जगातला सर्वांत मोठा गाळाचा पंखा असाच साचला आहे. २००७ साली ‘नेचर’मध्ये गाली, फ्रान्स-लानोर्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की या गाळासोबत येणारा सेंद्रिय कार्बन जवळजवळ सगळाच तळात टिकतो. ॲमेझॉनच्या बाबतीत हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास. इथे गाळ इतक्या वेगाने साचतो, की प्राणवायू आत पोचण्याआधीच पानांचे कण गाडले जातात आणि लाखो वर्षं हवेपासून दूर राहतात.

हिमालयातल्या नद्यांवर धरणं बांधताना हा हिशेब मांडलाच पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं. अडलेल्या गाळातला कार्बन जलाशयात राहतो खरा, पण तळाशी प्राणवायू संपला की तिथून मिथेन निघतो, आणि तापमान वाढवण्यात तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी तिखट आहे.