501 रुपये कोणाचे?

मार्चअखेरीला एका छोट्या संस्थेचे हिशेब बघायला बसलो होतो. तालुक्याच्या गावी मुलींचं वसतिगृह चालवणारी संस्था. बँकेच्या स्टेटमेंटवर एक ओळ होती: यूपीआय, बारा आकडी क्रमांक, पुढे अर्धंच छापलेलं नाव, जमा 501 रुपये. खाली तशाच आणखी 71 ओळी. वर्धापनदिनाच्या मांडवात क्यूआर कोडचा फलक लावला होता, त्याची ही जमा. ‘‘आपलीही ऑनलाइन देणगी सुरू झाली,’’ सचिव असलेल्या ताई आनंदाने म्हणाल्या. मी विचारलं, ‘‘ताई, हे 501 कोणाचे?’’ त्या स्टेटमेंटकडे बघत राहिल्या. पावती कोणाच्या नावाने फाडायची आणि पुढच्या वर्षी निमंत्रण कोणाला धाडायचं, हे त्या कागदावर कुठेच नव्हतं.

क्यूआर लावला की ऑनलाइन देणगीची सोय झाली, हा मला सर्वांत महाग पडणारा गैरसमज वाटतो. नुसता क्यूआर म्हणजे दानपेटी. देणाऱ्याचं नाव आणि पत्ता नोंदलेला नसेल, तर आयकराच्या नजरेत ती निनावी देणगी ठरते. निव्वळ धार्मिक न्यास सोडले, तर अशा देणग्या ठरावीक मर्यादेबाहेर गेल्या की त्यांवर 30 टक्के कर बसतो. मुलींच्या जेवणाचे पैसे असे जाताना बघवत नाही, कारण उपायाला खर्च नाही. फलकाशेजारी एक साधा फॉर्म ठेवायचा: नाव, पत्ता, मोबाइल, पॅन आणि देणगी कशासाठी. आणि कोड संस्थेच्याच खात्याचा हवा. ‘तात्पुरता’ म्हणून खजिनदाराच्या स्वतःच्या खात्याचा कोड लावतात. माणूस कितीही सचोटीचा असला तरी ते पैसे संस्थेचे आहेत हे नंतर सिद्ध करत बसावं लागतं.

‘‘लोक एटीजीसाठीच देतात,’’ हे दुसरं पालुपद. आयकराच्या 80जी कलमाची ही सवलत खरी आहे. बहुतेक संस्थांच्या बाबतीत देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट मिळते, तीही उत्पन्नाशी जोडलेल्या मर्यादेत, आणि 2,000 रुपयांवरच्या रोख देणगीला मिळत नाही. पण ही वजावट जुन्या करप्रणालीतली. 2023-24 पासून नवी प्रणाली हाच मूळ पर्याय झाला आणि तीत सामान्य देणगीदाराला ती नाही. म्हणजे आवाहनाची पहिली ओळ ‘कर वाचवा’ असेल, तर ती बऱ्याच पगारदारांच्या उपयोगाचीच नाही. उलट ज्यांना वजावट घ्यायची आहे, त्यांच्यासाठी संस्थेला देणगीदारांचं विवरण आयकर खात्याकडे 31 मेपर्यंत भरावं लागतं. 2021-22 च्या देणग्यांपासून हा नियम आहे. त्या विवरणात नाव आणि ओळख क्रमांक नसेल, तर छापील पावती कितीही देखणी असो, देणगीदाराची वजावट अडते. रागावलेला देणगीदार पुन्हा येत नाही.

परदेशातल्या आप्तांबाबत तर दोन्ही टोकांचे गैरसमज ऐकू येतात. कोणी म्हणतं, ‘‘बाहेरचा पैसा घेताच येत नाही.’’ कोणी म्हणतं, ‘‘आपलाच मराठी माणूस, शिवाय रुपयांत देतोय, मग काय हरकत?’’ कायदा भाषा बघत नाही आणि चलनही बघत नाही, पासपोर्ट बघतो. न्यू जर्सीत राहणारा भाचा अजून भारतीय नागरिक असेल, तर त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी ठरत नाही. त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड असूनही ती परदेशी देणगीच, मग ती पुण्यातल्या खात्यातून रुपयांत का येईना. त्यासाठी परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, म्हणजे एफसीआरएची, नोंदणी लागते आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. म्हणून फॉर्ममध्ये आणखी एक प्रश्न घाला: आपण भारतीय नागरिक आहात का?

मोठ्या देणगीच्या मागे धावताना दरमहाचे 200 रुपये कोणी मोजत नाही. यूपीआयवर 2020 पासून ऑटोपेची सोय आहे. देणारा एकदा मंजुरी देतो, पैसे कापण्याआधी त्याला सूचना येते आणि वाटेल तेव्हा तो ते स्वतः बंद करू शकतो. ‘आपोआप कापले जातील’ म्हटलं की लोक बिचकतात. हे तिन्ही मुद्दे समोर बसून सांगितले की बरेच जण तयार होतात, असा माझा अनुभव.

आणि केविलवाण्या मुलांचे फोटो टाकले की पैसे येतात, हे तर मनातूनच काढून टाका. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करणं 2015 च्या बाल न्याय कायद्याने गुन्हा आहे. स्वयंपाकघरातल्या नव्या शेगडीचा फोटो टाका, खाली बिलाची रक्कम लिहा.

त्या संध्याकाळी ताई, त्यांची भाची आणि मी 72 ओळी घेऊन बसलो. कार्यक्रमाची हजेरीवही, व्हॉट्सअॅप ग्रुप, अर्धवट नावं, असं जुळवत 41 माणसं सापडली. ताईंनी एकेकाला फोन लावला. एक निवृत्त शिक्षक म्हणाले, ‘‘एवढ्याशा 501 साठी फोन केलात?’’ आणि पॅन सांगायला चष्मा शोधू लागले. उरलेल्या 31 ओळींपुढे भाचीने पेन्सिलीने प्रश्नचिन्हं काढून ठेवली आहेत.