घरातल्या पेटीत मेथी, आणि तिची राखण करणारे यंत्र

चाळीतल्या किंवा वस्तीतल्या खोलीत ऊन येत नाही. कुंडी ठेवली तरी रोप पिवळे पडते. त्यातून आई-वडील दोघेही कामावर गेले, तर पाणी घालणार कोण? अशा घरात पेटीमध्ये दिव्याच्या उजेडावर मेथी, कोथिंबीर वाढवता येते आणि दिवा, पंखा व पाणी यांची राखण एक लहानसे यंत्र करू शकते. अकरावी-बारावीत किंवा आयटीआयमध्ये शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हे यंत्र स्वतः जोडावे, असे आम्हाला वाटते.

यंत्रात काय असते?

मुख्य भाग म्हणजे आर्डुइनो नावाची पाटी. ती 2005 साली इटलीतील इव्हरेया येथे विद्यार्थ्यांसाठी तयार झाली. तिचा आराखडा सर्वांना खुला ठेवला गेला, म्हणून ती आज कमी पैशांतही मिळते. ज्ञान कुलपात ठेवले नाही, की गरिबाच्या मुलाच्याही हाती लागते ते असे.

तिला तापमान व हवेतील ओलावा मोजणारा डीएचटी 22 हा सेन्सर, बटन सेलवर चालणारे डीएस 3231 हे घड्याळ आणि दिवा, पंखा चालू-बंद करणारे रिले जोडावेत. घड्याळात काटकसर करू नये. ते नसेल तर वीज जाऊन आली की यंत्र वेळ विसरते आणि रोपांची रात्र भलत्याच वेळी होते.

आकडे कसे ठरवावेत?

दिवा सकाळी 6 ते रात्री 8, असा 14 तास ठेवावा. म्हणजे घरच्यांची झोपमोडही होत नाही. पंखा 30 अंशांवर सुरू आणि 28 अंशांवर बंद करावा. दोन्हींसाठी एकच आकडा दिला, तर रिले सारखा टकटक करीत राहतो. मात्र पंखा पेटीला खोलीपेक्षा गार करू शकत नाही. म्हणून पहिली पेरणी हिवाळ्यात करावी.

पाणी मात्र पहिल्या दिवसापासून यंत्राच्या हाती देऊ नये. आठवडाभर स्वतः पाणी घालावे आणि माती सुकल्यावर ओलाव्याचा सेन्सर कोणता आकडा दाखवतो, ते वहीत लिहावे. तोच आकडा पुढे यंत्राला द्यावा. पंप पाच सेकंद चालवून अर्धा तास थांबवावा, कारण पाणी मातीत मुरायला वेळ लागतो. पाण्याचे भांडे पेटीच्या खाली असावे. वर ठेवले तर पंप बंद झाल्यावरही नळीतून पाणी वाहत राहते. भांड्यात एका दिवसापुरतेच पाणी ठेवावे. मग रिले अडकला तरी घरभर पाणी होणार नाही.

मुलांचा जीव आधी

पेटीत 230 व्होल्टची वायर कदापि नेऊ नये. 12 व्होल्टचा तयार अडॅप्टर उंचावर, कोरड्या जागी ठेवावा आणि पेटीत फक्त 12 व्होल्टचा दिवा, पंखा व पंप वापरावा. घरातले अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे.

हिशेब

20 वॅटचा दिवा 14 तास चालला, तर रोज 0.28 युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे साडेआठ युनिट वीज लागते. तेव्हा केवळ भाजी स्वस्त पडेल म्हणून कुणी ही पेटी करू नये. खरी कमाई दुसरीच आहे. मोजायचे, मर्यादा ठरवायची आणि त्याप्रमाणे यंत्र चालवायचे, हेच काम कारखान्यातील भट्टीवर आणि शीतगृहातही चालते. घरच्या पेटीवर ते शिकलेली मुलगी उद्या तिथल्या यंत्रासमोर बिचकणार नाही. म्हणून सोल्डरिंगची इस्त्री फक्त मुलाच्या हाती देऊ नका. बहिणीलाही शेजारी बसवा आणि वही तिच्याकडे असेल, तर तिचे आकडे यंत्रात घालायचे कामही तिलाच करू द्या.