झुबिन मेहतांची ‘ऑर्गन सिंफनी’
राहात्यातल्या संगीतवेड्यांनो, हे ध्वनिमुद्रण जरूर ऐका! कामीय सँ-साँस यांची तिसरी सिंफनी, पहिल्यांदा वाजली लंडनला, १८८६ मध्ये. मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांनी ती लॉस एंजेलिस फिलहार्मोनिककडून डेक्का कंपनीसाठी वाजवून घेतली. ऑर्गनवर अनिता प्रीस्ट. हा नाटकातला पायपेटीचा ऑर्गन नव्हे, उंच नळ्यांत हवा सोडून वाजणारा. संथ भागात तो तंतुवाद्यांखाली इतका अलगद शिरतो, की कानाआधी छातीला कळतो. शेवटच्या भागाला मात्र सी मेजरचा दणदणीत स्वरमेळ! लगेच पियानोवर चार हातांची झुळझुळ येते, ती अजिबात चुकवू नका. मोबाइलच्या स्पीकरवर ऑर्गनचे खर्जातले स्वर येतच नाहीत, तेव्हा चांगला हेडफोन लावाच.