गोव्याचा नागरी कायदा आणि मुंबईचें घर

मागें एकदां आमच्या गिरगांवच्या चाळींतील एक वृद्ध बाई हातांत कागद घेऊन माझ्याकडे आल्या. "मास्तर, आमचे यजमान पेडण्याचें घर विकायचें म्हणतात. घर सासऱ्यांचें, त्यांच्या पश्चात् तें यजमानांच्या नांवावर आलें. मीं त्यांत एक पैहि घातलेली नाहीं. मग घेणारा माझी सही कशाला मागतो?" असा त्यांचा प्रश्न होता. मी वकील नव्हे. परंतु पुष्कळ वर्षें मुलांना इतिहास शिकविला असल्यामुळें या प्रश्नाचा धागा कोठवर जातो, तें मला ठाऊक होतें. तो पेडण्याहून लिस्बनला आणि लिस्बनहून पॅरिसला जातो. आज आपण तोच थोडा उलगडून पाहूं.

विवाह, मिळकत, करार, वारसा अशा माणसामाणसांतील व्यवहारांचें नियमन करणाऱ्या कायद्यास खाजगी कायदा म्हणतात. युरोपांतील अनेक राष्ट्रांनीं एकोणिसाव्या शतकांत हे विखुरलेले नियम एकत्र करून त्यांच्या संहिता बनविल्या. फ्रान्सची संहिता नेपोलियनच्या अमदानींत १८०४ सालीं झाली. पोर्तुगालांत सेआब्रा नांवाच्या कायदेपंडितानें रचलेली संहिता १ जुलै १८६७ रोजीं मंजूर झाली. १८६९ च्या हुकुमानें ती समुद्रापलीकडील मुलुखांस लागू करण्यांत आली, आणि १८७० पासून गोव्यांत तिचा अंमल सुरू झाला. पुढें १८८० सालीं गोव्यांतील हिंदूंच्या कांहीं रूढींना स्वतंत्र हुकुमानें मान्यता मिळाली, आणि १९१० मध्यें पोर्तुगालांतील राजेशाही संपल्यावर विवाह व घटस्फोट यांविषयीं नवे कायदे आले.

१९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवा मुक्त झाला. पोर्तुगीज राज्य गेलें, परंतु कायदा राहिला. १९६२ सालीं आपल्या संसदेनें गोव्यांतील तत्कालीन कायदे, त्यांत बदल होईपर्यंत, चालू ठेवले. गंमत अशी, कीं खुद्द पोर्तुगालनें १९६६ सालीं नवी संहिता करून जुनी बाजूस सारली. गोव्यानेंहि आपल्या वारसाविषयक भागाची नवी मांडणी २०१२ च्या कायद्यानें केली व ती २०१६ पासून अंमलांत आली. तथापि मूळ तत्त्वें बहुतांशीं तींच आहेत.

हीं तत्त्वें कोणतीं? पहिलें असें, कीं लग्नापूर्वीं वधूवरांनीं वेगळा करार केला नसेल, तर लग्नाबरोबर दोघांची मिळकत एक होते. लग्नाआधींची, नंतर कमावलेली आणि वारसानें आलेली, अशी सर्व मिळकत सामान्यतः या एकत्र ठेव्यांत पडते, आणि तिच्यांत अर्धा भाग पतीचा व अर्धा पत्नीचा असतो. दुसरें असें, कीं स्थावर मिळकत विकावयाची तर दोघांचीहि संमति लागते. तिसरें तत्त्व असें, कीं मुलें असतांना मनुष्याला आपल्या सर्व मिळकतीचें मृत्युपत्र करतां येत नाहीं. स्वतःच्या हिश्शापैकीं निम्मा भाग मुलांसाठीं राखून ठेवावाच लागतो, व त्यांत मुलगा आणि मुलगी असा भेद नाहीं.

उदाहरणानें हें अधिक स्पष्ट होईल. समजा, एका दांपत्याची एकंदर मिळकत ८० लाखांची आहे, सारी पतीच्या नांवावर आहे, आणि त्यांना एक मुलगा व एक मुलगी आहे. पती वारला. गोव्याच्या कायद्याप्रमाणें ४० लाख प्रथमच पत्नीचे म्हणून बाजूला निघतात. हा तिला मिळालेला वारसा नव्हे. तें तिचें स्वतःचें धन होय. उरलेल्या ४० लाखांपैकीं २० लाखांपुरतेंच पतीला मृत्युपत्र करतां आलें असतें. मृत्युपत्र नसेल, तर ते ४० लाख दोन्ही मुलांत समान वांटले जातात.

आतां हेंच कुटुंब १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याखालीं असतें तर? मिळकत पतीची स्वकष्टार्जित व मृत्युपत्र नाहीं असें धरल्यास पत्नी, मुलगा व मुलगी यांना सारखा तिसरा हिस्सा मिळता. पतीची आई हयात असल्यास तिचाहि तेवढाच वांटा निघता. परंतु पतीनें सर्व मिळकत मृत्युपत्रानें एकट्या मुलास दिली असती, तर विधवेला पोटगीपलीकडे फारसें कांहीं मागतां न येतें. दोन कायद्यांतील खरा फरक येथें आहे. एकांत पत्नी मालकीण असते, दुसऱ्यांत ती वारस असते.

याचा मुंबईशीं संबंध काय, असें कोणी विचारील. धोबीतलावावरील गोवेकरांचे कूड आणि गिरगांवांतील गोमंतकीय घरें पाहिलेल्या मुंबईकरास तें सांगावयास नको. गोव्याच्या रहिवाशाची मुंबईंतील मिळकत कोणत्या कायद्यानें वांटावी, असा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १३ सप्टेंबर २०१९ च्या निकालांत न्यायालयानें सांगितलें, कीं ज्याचा अधिवास गोव्यांत आहे, त्याच्या भारतांतील कोठल्याहि मिळकतीच्या वारसास गोव्याचाच कायदा लागू होईल. कारण १९६२ नंतर तो परका कायदा राहिलेला नसून भारताचाच कायदा झाला आहे.

येथें दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगितल्या पाहिजेत. अधिवास म्हणजे कायमचें घर. केवळ कुलदैवत गोव्यांत आहे, एवढ्यानें अधिवास सिद्ध होत नाहीं. तो प्रत्येक कुटुंबाच्या कागदपत्रांवरून ठरतो. म्हणून लग्नाची नोंद, जन्माचे दाखले व जुने दस्तऐवज जपून ठेवावेत. दुसरी गोष्ट अशी, कीं चाळींतील भाड्याची खोली ही मालकीची मिळकत नव्हे. तिचा हक्क कोणाकडे जावा, हें महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे-नियंत्रण कायद्यावरून ठरतें, आणि त्यांत भाडेकरूच्या मृत्यूसमयीं त्याच्याजवळ राहणाऱ्या कुटुंबीयांस अग्रमान आहे.

गोव्याचा कायदा सर्वांना समान म्हणून त्याची नेहमीं स्तुति होते, व ती बरीचशी योग्य आहे. परंतु तो निर्दोष नाहीं. १८८० च्या हुकुमांत हिंदु पतीस, पहिल्या पत्नीस ठराविक वयापर्यंत अपत्य वा पुत्र न झाल्यास, दुसऱ्या विवाहाची सवलत लिहिलेली आहे. शिवाय जुन्या संहितेनें एकत्र मिळकत दोघांची ठरविली, पण तिचा कारभार पतीच्या हातीं दिला. अर्धें धन जिचें, तिलाच तें ठाऊक नसावें, अशी स्थिति त्यामुळें पुष्कळ घरांत झाली. कायद्यानें दिलेला हक्क माहीत नसेल, तर तो कागदावरच राहतो.

त्या बाईंना मीं हें सारें माझ्या समजुतीप्रमाणें सांगितलें, व शेवटीं म्हटलें, "त्यांचें लग्न गोव्यांत नोंदलेलें आहे. तेव्हां सही करावी कीं करूं नये, हें वकिलांस विचारून ठरवा. पण ती कोणावर केलेली मेहेरबानी किंवा नुसता उपचार समजूं नका." त्या बराच वेळ कागदाकडे पाहत बसल्या. मग म्हणाल्या, "चाळीस वर्षें मीं तें घर सारवलें, मास्तर. तें माझेंहि होतें, हें आज कळलें." पुढें सही झाली, मात्र विक्रीच्या पैशांपैकीं अर्धे त्यांच्या स्वतःच्या खात्यांत जमा झाल्यानंतर.